नापास होणारा कोड

आमचे हे तेव्हा आमचे झाले नव्हते. ते फाइल डिस्कवर लिहिण्याचा कोड लिहायचे, आणि मी तो तपासायची. अगदी कर्नेलमधला, कॉम्प्युटरच्या गाभ्यातला कोड. मी तो मंजूर केला की मला मागणी घालायची, असं त्यांनी ठरवलं होतं. घरच्याने घरच्याचा कोड तपासायचा नाही असा ऑफिसचा नियम, आणि आधी विचारलं असतं तर वशिला वाटला असता. इकडे त्यांच्या आईने दुसरं स्थळ पाहून रविवारची मुदत दिली होती. हे मला सोडून सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

कोड मात्र असा, की लिहिता लिहिता डिस्क भरली तरी वरच्या प्रोग्रामला सांगायचा, लिहून झालं. शिवाय लिहिताना दुसऱ्या कुणी मध्ये येऊ नये म्हणून फाइलला घातलेलं कुलूप तसंच ठेवून यायचा, आणि मशीन ढिम्म. मी परत पाठवला. दुरुस्त होऊन आला तो एकच कुलूप दोनदा काढत होता. पुन्हा परत.

आमच्या साहेबांना सगळे मामा म्हणत. ते माझ्या टेबलापाशी घुटमळू लागले.

"अगं, डिस्क रोज थोडीच भरते?"

"एकदा भरली तरी लोकांच्या फाइली जातील, मामा."

"फाइलींना आई नसते गं," मामा उसासा टाकून म्हणाले.

शनिवारी कोड पुन्हा आला. मी म्हटलं, "डिस्क भरल्याची चूक पकडलीस, आणि वर कळवायचं पुढच्याच ओळीत विसरलास."

ते मटकन खुर्चीत बसले. "उद्याच्या आत तू काही मला पास करत नाहीस."

"तुला कुठे? कोडला."

"तेच तर," म्हणाले, आणि नियम, आई, रविवार, सगळं एका दमात सांगून मोकळे झाले. खोलीतले कीबोर्ड थांबले.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

ते चक्क विचार करू लागले. "तर आईला तसंच सांगीन, नाही म्हणाली. खोटं हो सांगणार नाही. माझी खुर्ची तुझ्याजवळून हलवीन. आणि कोड दुरुस्त करून तुलाच देईन."

"काही राहिलं?"

"मामांना थांबवायचं राहिलं. ते फोनवर हॉलची चौकशी करताहेत."

मी हो म्हटलं.

नियमाप्रमाणे कोड मामांकडे गेला. मला वाटलं, डोळे मिटून मंजूर करतील. त्यांनी चष्मा पुसला, सावकाश वाचला, आणि परत पाठवला. लग्न आधी लागलं. कोड पुढे बऱ्याच दिवसांनी पास झाला.