दुपारचा विद्यार्थी

रंधा अर्ध्या फळीवर थांबवून मिस्त्रींनी कान टवकारले. भिंतीपलीकडे पुन्हा तीच चूक झाली होती.

"अरे, बोट उचलू नकोस!" ते फळीवरच ओरडले.

घराच्या मागच्या अंगाला त्यांची सुतारकामाची खोली आणि पुढच्या खोलीत मुलीचा गिटारचा वर्ग. शिकायला येणारे पुढच्या दाराने येत, त्यामुळे मिस्त्री त्यांना चेहऱ्याने नाही, वाजवण्यावरून ओळखत. त्यातला हा दुपारी दोनचा विद्यार्थी म्हणजे अगदी ढ. पंधरा दिवस झाले, गडी तीन बारीक तारांपुढे सरकला नव्हता. तीनच सूर, आधी गिटारच्या दांडीवरच्या पट्टीच्या सुरुवातीला, मग मधोमध, मग पार गिटारच्या पोटाजवळ. सुरांचा मेळ, म्हणजे कॉर्ड, एकच; सूर तेवढे जागा बदलून बसत, आणि एका जागेवरून दुसरीकडे जाताना हा दर वेळी अडखळे. शिकवणारीचा आवाजही येत नसे. तिनेही हात टेकले असावेत, असं मिस्त्रींना वाटे.

मुलीला गिटार त्यांनीच शिकवली होती. नियम एकच: सहाच्या सहा तारा खणखणीत वाजल्या पाहिजेत, अर्धवट काम या घरात चालायचं नाही. मग तीन वर्षांपूर्वी करवतीच्या यंत्राने त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नेली. उरलेल्या दोन बोटांनी आणि अंगठ्याने लाकूड धरता येई, सहा तारा काही दाबता येईनात. महिनाभर झटून पाहिलं आणि शेवटी त्यांनी गिटार खोळीत घातली. तेव्हापासून डावा हात कामापुरता बाहेर येई, एरवी खिशात. मुलगीही त्या हाताकडे बघायचं टाळते, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. येत्या रविवारी भाचा गिटार न्यायला येणार होता. पडून राहण्यापेक्षा कुणी वाजवली तर बरं, असं मिस्त्रींनी स्वतःच त्याला कळवलं होतं, आणि कळवल्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

"तुझा तो दोनचा विद्यार्थी," जेवताना ते म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण त्याचं अंगणही वाकडंच दिसतंय."

"का? काय चुकतं त्याचं?" मुलीने वाढता वाढता विचारलं.

"काय बरोबर येतं ते विचार. आणि तीन तारांवर कसल्या कॉर्ड शिकवतेस? निम्मी गिटार मुकीच."

"कॉर्डला सूर लागतात तीनच, बाबा. सहा तारांवर तेच पुन्हा पुन्हा येतात."

"तीन पायांवर टेबल उभं राहत नाही."

"स्टूल राहतं ना. तीन पायांचं स्टूल कशाही फरशीवर डुगडुगत नाही, हे तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता."

मिस्त्रींना हसू आलं. ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"बरं, त्याला एक सांग. पहिल्या जागेवरून दुसरीकडे जाताना तो सगळी बोटं उचलतो. तिसऱ्या तारेवरचं मधलं बोट तिथेच ठेवायचं आणि घसरत न्यायचं. हे असं."

उजवा हात खरकटा होता. डावा हात टेबलावर आला आणि हवेतल्या हवेत सरकला.

"पुन्हा दाखवा," मुलगी म्हणाली. ती त्या हाताकडेच टक लावून बघत होती. मिस्त्रींनी पुन्हा दाखवलं, आणि मग भानावर येऊन हात खाली घेतला.

"त्याचा हात जरा अडचणीचा आहे," ती म्हणाली. "पण सांगते त्याला."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता बोट घसरत गेलं, पहिल्यांदा खरडत, मग साफ. मिस्त्रींनी भुशातच "शाब्बास!" म्हणून पाय आपटला. पोरगा अगदीच वाया गेलेला नव्हता तर. आता तो पोटाजवळच्या तिसऱ्या जागेसाठी धडपडू लागला, आणि तिथे त्याची गाडी जी अडली ती शनिवारपर्यंत अडलेलीच. शनिवारी मिस्त्रींना राहवेना. उद्या गिटार जाणार म्हणून सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. रंधा ठेवून, पायांचा भुसाही न झटकता ते पुढच्या खोलीत शिरले.

"अरे बाळा, आता मधलं बोट दुसऱ्या तारेवर..."

खोलीत विद्यार्थी नव्हता. मुलगी एकटीच गिटार घेऊन बसली होती. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तिने तळव्याशी दुमडून चिकटपट्टीने घट्ट बांधली होती. समोरच्या वहीत कॉर्डच्या चौकटी आखलेल्या होत्या, एकीतही दोनपेक्षा जास्त बोटांचं काम नव्हतं. पानाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: मधलं बोट घसरत न्यायचं, बाबा म्हणतात.

"दोन बोटांत कॉर्ड बसतात का, ते बघत होते," ती ओशाळून म्हणाली. "नसत्या बसल्या, तर तुम्हाला उगीच आशा लावल्यासारखं झालं असतं."

"मग? बसतात?"

"मेजर कॉर्ड सगळ्या, तिन्ही जागी. उदास वाजणाऱ्या मायनरची एक जागा सापडलीय, तिथे तर एकच बोट आडवं ठेवलं की झालं."

मिस्त्री समोरच्या स्टुलावर बसले. तिचा हात त्यांनी मांडीवर घेतला आणि आपल्या दोन बोटांनी चिकटपट्टीचं टोक शोधून ती हळूहळू सोडवली. आतली बोटं पांढरीफटक पडली होती, सुरकुतली होती. ती चोळता चोळता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. ही पोरगी आपल्या हाताकडे बघत नाही, असं समजून ते तीन वर्षं मनात कुढत आले होते.

"उद्या आत्याचा दादा येतोय ना तुमची गिटार न्यायला," बोटं हलवून बघत ती म्हणाली.

मिस्त्री उठले. कोपऱ्यातल्या गिटारची खोळ त्यांनी काढली. तारांवर गंज चढला होता. फुंकर मारून ते पुन्हा स्टुलावर येऊन बसले.

"त्याला कळव," ते म्हणाले, "तुझा दुपारचा विद्यार्थी अजून शिकतोय म्हणावं."

मग डावा हात गिटारच्या पट्टीवर ठेवून त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"बोला बाई, पहिलं बोट कुठे?"