पुसलेल्या नावाची तबकडी

मी कृष्णातच्या डाव्या मनगटावरून बोलतोय. मी घड्याळ आहे, आणि आधीच सांगून टाकतो, नकली आहे. बाजारात मला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात. ज्या कंपनीचं नाव माझ्यावर छापलं होतं, तिचं दारसुद्धा मी कधी पाहिलं नाही.

कृष्णातचा थोरला भाऊ सयाजी दुधाचा टेम्पो चालवायचा. दिवाळीला त्यानं स्वतःसाठी अस्सल घड्याळ घेतलं आणि धाकट्यासाठी हुबेहूब तसाच दिसणारा मी. “दोघांची जोडी,” म्हणाला.

कृष्णातनं मला तालमीत मिरवलं. तिथं त्याच्याबरोबर कुस्ती खेळणाऱ्या राजवीरनं मला उलटंपालटं करून पाहिलं. “आरं, डुप्लिकेट हाय की ह्ये!”

कृष्णात तरातरा घरी आला. “सोताला अस्सल आन् मला नकली व्हय रं, दादा?”

“पुढल्या वर्षी तुला बी घेतो की,” सयाजी हसत म्हणाला.

कृष्णातनं मला कॉटखाली भिरकावलं. चार दिवस तो भावाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी गगनबावड्याच्या रस्त्यावर टेम्पो उलटला. सयाजी घरी आलाच नाही, त्याचं घड्याळ आलं. काच फुटलेली, मशीन मेलेलं. तबकडी आणि काटे तेवढे शाबूत होते. तबकडीवर सातच्या आकड्याजवळ एक चरा पडला होता.

तेराव्यानंतर कृष्णातनं मला कॉटखालून काढलं आणि आम्हा दोघांना दस्तगीरचाचांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात नेलं.

“दादाचं हाय त्येवढं ह्याच्यात घाला, चाचा. कुठं खोट दिसाय नगो.”

चाचांनी डोळ्याला भिंग लावलं. “बसंल. पन मापं जुळत न्हाईत बेटा. तारीख खिडकीत जरा वर सरकंल. आन् ह्यो चरा ऱ्हाणार.”

“चरा न्हाय चालायचा!”

“बघू. नमाज पढून येतो,” म्हणून चाचा उठले.

कृष्णातला कुठला दम! काचेवरचे ओरखडे घालवायला चाचा टूथपेस्ट वापरतात, हे त्यानं पाहिलं होतं. टेबलावरची ट्यूब त्यानं उचलली आणि उघड्या तबकडीवर अंगठ्यानं खसाखसा घासली. चरा तसाच राहिला. कंपनीचं नाव मात्र पुसून गेलं.

“आरं येड्या, त्ये काचंसाठी असतंय!” चाचा दारातूनच ओरडले.

कृष्णातनं काउंटरवर डोकं टेकलं. भाऊ गेल्यापासून तो रडला नव्हता. “दादाचं अस्सल बी मीच घालवलं, चाचा. बोललो बी न्हाय त्येच्याशी.”

चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, “बसवू का ऱ्हाऊ दे?”

“बसवा.”

आता माझ्या पोटात नकली मशीन आहे आणि तोंडावर सयाजीची तबकडी. तारखेचा आकडा वरून थोडा कापला जातो. मी रोज चार मिनिटं मागं पडतो. सकाळी कृष्णात चावी ओढून मला वेळेवर आणतो. तेव्हा सातजवळच्या चऱ्यावर त्याची नजर थांबते.

काल तालमीत राजवीरनं पुन्हा मनगट धरलं. “आता तर नावच न्हाय! पयल्यापेक्षा जास्ती डुप्लिकेट!”

मी धसकलो. वाटलं, आता परत कॉटखाली.

कृष्णातनं हात सोडवून घेतला नाही. “व्हय,” म्हणाला, “जोडी हाय आमची.”

मला कधी वेळ विचारलीत, तर त्यात चार मिनिटं मिळवा. तारीख वाचताना मान जरा तिरकी करा. एवढं चालवून घ्या. कृष्णातनं घेतलंय.