अडतिसावा डबा

"तो नको. त्याचा नंबर आलेला नाही अजून."

मुलीचा हात थबकला. चमच्याची दांडी तिने झाकणाच्या कडेखाली खुपसली होती आणि मेणाचा एक पापुद्रा सुटून तिच्या पायावर पडला होता.

"बाबा, चार वाजता अनाथाश्रमाची गाडी येतेय. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस डबे जायचेत. दुपारच्या भातापुरता एक फोडतेय, तर त्यालाही नंबर?"

"खिडकीखालचा घे. त्याचा आहे."

"या घरात माणसांचा नंबर लागला नाही कधी. डब्यांचा मात्र चुकला नाही."

म्हाताऱ्याने खिडकीखालच्या डब्याकडे बोट दाखवले. उद्या सकाळी त्यांना मुलीच्या आठव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला जायचे होते. तिथे त्यांच्यासाठी एक पलंग होता आणि पलंगाखाली जावयाच्या बॅगा होत्या.

सरकारी धान्यगुदामात ते चौतीस वर्षे भांडारपाल होते. हमालांपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना तारीखसाहेब म्हणत. आत येणाऱ्या प्रत्येक थप्पीवर ते स्वहस्ते तारीख घालत आणि जे आधी आले तेच आधी बाहेर पाठवत. नियमात वावगे काही नव्हते. वावगे एवढेच, की गुदामात साठा कायम पाच वर्षांचा असे. त्यामुळे दारातून बाहेर पडणारा प्रत्येक दाणा पाच वर्षांचा असे. ताजे धान्य सन्मानाने आत जाई, रांगेत उभे राहून म्हातारे होई आणि मगच बाहेरच्या रांगेतल्या माणसाच्या पिशवीत पडे. या व्यवस्थेला पुरवठा म्हणत.

एका वर्षी भिंत झिरपून शंभर पोती कुजली. वरिष्ठांनी सुचवले, तारखा थोड्या मागे न्या, म्हणजे मुदत संपल्यामुळे माल गेला असे दाखवता येईल. तारीखसाहेबांनी लेखणी उचलली नाही. कुजलेल्या धान्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. खऱ्या तारखेबद्दल मात्र त्यांची बढती कायमची अडली. कुजणे ही गोष्ट यंत्रणेला समजू शकत होती; तिच्याविषयी कोणी अचूक असावे, हे तिला समजत नव्हते.

गुदामातली शिस्त त्यांनी घरी आणली आणि शिस्तीबरोबर तिच्यातली खोटही आणली. दरवर्षी सुगीनंतर उन्हात खडखडीत वाळवलेले धान्य पत्र्याच्या डब्यांत भरले जाई. वर मेणबत्तीचा तुकडा पेटवून ते झाकण दाबत. आतली हवा संपली की ज्योत विझे, आणि जिथे ज्योत जगत नाही तिथे किडाही जगत नाही. मग कडेला मेण. चिठ्ठीवर धान्याचे नाव बायको लिही, भरल्याची तारीख ते लिहीत. डबा फोडला की त्याखाली फोडल्याची तारीख येई. बायको गेल्यापासूनच्या चिठ्ठ्यांवर नावे नव्हती, नुसत्या तारखा होत्या. आत काय आहे ते त्यांना ठाऊक होते आणि विचारणारे कोणी उरले नव्हते.

"हे आईचं अक्षर," मुलगी फोडायला घेतलेल्या अडतिसाव्या डब्यावर वाकून म्हणाली. "'तांदूळ, यंदाचा.' चार वर्षं झाली की याला. बाबा, याचा नंबर यायचा तरी कधी होता?"

त्यांच्या एकट्याच्या पोटाच्या वेगाने, आणखी सहा वर्षांनी. हिशेब त्यांनी कधीच करून ठेवला होता. तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे असते.

"तिने मागितला होता," ते म्हणाले.

"काय?"

"हाच. शेवटच्या आठवड्यात, तीन नोव्हेंबरला. तोंडाला चव नव्हती तिच्या. म्हणाली, अहो, या वर्षीच्या तांदळाचा मऊ भात कराल का, वास येतो बघा तसा. भरून पंधरा दिवसही झाले नव्हते."

"मग?"

"मी म्हटलं, जुना मोकळा शिजतो. पचायला हलका."

मुलीने चमचा खाली ठेवला. "तुम्ही खिडकीखालचा दिलात."

"त्याचा नंबर होता."

"काही म्हणाली?"

"दोन घास खाल्ले. मोकळा झालाय हं, म्हणाली."

 मुलीने चमचा उचलला, दांडी पुन्हा कडेखाली घातली आणि जोर केला. या वेळी त्यांनी अडवले नाही.

झाकण निघाले. वर मेणबत्तीचा तुकडा होता, काळी वात एका बाजूला कललेली. त्यांनी तो उचलून मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, पसरला, बोटाने चाळला. किडा नव्हता, जाळी नव्हती, एकही दाणा पिवळा पडला नव्हता. चौतीस वर्षांत इतका निर्दोष माल त्यांच्या हातून गेला नव्हता. मग त्यांनी तळहात नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"येतो का वास?" मुलीने विचारले.

"नाही."

तिने भात मऊ शिजवायचा प्रयत्न केला, पाणी दोनदा वाढवले. तो मोकळाच झाला. दोघे समोरासमोर बसून जेवले. तिने नको असताना पुन्हा वाढून घेतला.

गाडी साडेचारला आली. ड्रायव्हरने खोलीभर नजर फिरवली.

"साहेब, दुकान होतं का तुमचं?"

"नाही. घर होतं."

डबे एकेक करून गेले. फरशीवर गंजाच्या चौकोनी खुणा उरल्या. सर्वांत शेवटी अडतिसावा राहिला. तारीखसाहेबांनी झाकण बसवले, खिशातले पेन काढले, चष्मा पुसला आणि चिठ्ठीवर खालच्या ओळीत फोडल्याची तारीख लिहिली. मुलीने ती खांद्यावरून वाचली. तीन नोव्हेंबर, आणि वर्ष चार वर्षांपूर्वीचे.

"आज सतरा मार्च आहे, बाबा."

"माहीत आहे."

शाई वाळेपर्यंत त्यांनी हलकी फुंकर घातली. मग डबा ड्रायव्हरच्या हाती दिला.

"हा रांगेत लावू नका," ते म्हणाले. "आजच शिजवा."