मान तुटलेला बोल्ट

होय, एक बोल्टच बोलतोय, तोही मान तुटलेला. सास्तूर गावच्या उकिरड्यावरून बोलतोय, तेव्हा भाषा गोड लागणार नाही, आधीच सांगतो.

जन्म कारखान्यातला, नोकरी लेडीज सायकलीवर. हँडल धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. सायकल शिवरंजनीची. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची ही मुलगी रोज माझ्या जिवावर पलीकडच्या गावच्या कॉलेजला जायची. सायकलीचं काही झालं की शिक्षण बंद, असं तिच्या बापानं, गौरीशंकरनं, आधीच बजावलेलं. माणूस ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. नांगराचे बोल्ट आवळून आवळून त्याचा हात राक्षसाचा झालेला आणि अक्कल नांगराचीच.

खंडेनवमीला पूजेसाठी त्यानं सायकल धुतली. हँडल जरासं वाजत होतं. अर्धा वेढा पुरे होता. यानं पान्याच्या दांडीवर बोअरच्या पाइपाचा तुकडा चढवला आणि त्यावर लोंबकळलाच.

"अप्पा, बास की," शिवरंजनी म्हणाली. "सायकलीचं लई आवळू नये, असं दुकानदार म्हणतो."

"त्याला रोज गिऱ्हाईक पायजे, म्हणून ढिलं ठिवतोय त्यो. मला शिकवू नगं."

आणखी एक हिसका. माझी मान ताणली गेली, आटे चिरडले आणि पाना एकदम हलका फिरला. "बघ, कसा बसला!" तो म्हणाला. बसलो नव्हतो हो, मेलो होतो. लोखंड मरताना ओरडत नाही, ही माणसांची मोठी सोय. वर त्यानं मला हळदकुंकू लावलं, मढ्याला लावतात तसं.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं. ओढ्याच्या उतारावर म्हैस आडवी आली. शिवरंजनीनं ब्रेक दाबून हँडलवर भार दिला आणि माझे दोन तुकडे झाले. हँडल गरकन फिरलं. पोरगी तोंडावर आपटली. पुढचे दोन दात खडीत राहिले.

गौरीशंकर धावत आला. आधी सायकल उचलली, मग पोरगी.

"तुम्हीच आवळला व्हता की त्यो!" त्याची बायको उमाबाई रडत म्हणाली.

"म्या आवळला म्हणून इतके दिस टिकला. हिलाच चालवाया येत न्हाय. बास झालं कॉलेज."

त्या घरात यावर उलट बोलायची पद्धत नाही.

माझा तुकडा त्यानं इथं भिरकावला. इथून अंगण दिसतं. शिवरंजनी शेण काढते, भांडी घासते, कुणी आलं की तोंडावर ओढणी धरते. मला तिच्याकडं बघवत नाही.

वाचकहो, सायकल घरी जरूर दुरुस्त करा. पाना छोटा घ्या आणि बोल्ट घट्ट झाला की हात काढून घ्या. एवढी दया आम्हाला पुष्कळ आहे. जोर दाखवायची हौसच असेल, तर शेतात ढेकळं फोडा.

काल तिनं भीत भीत विचारलं, "अप्पा, दात कधी लावायचे?"

"लावू की," गौरीशंकर म्हणाला. "तुला बघाया पावणे यायचं ठरलं की लावू."