पूजेत बसलेला कोयता

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे आणि या घडीला माझ्या अंगावर झेंडूची फुलं आहेत. आज खंडेनवमी. अवजारांची पूजा करून त्यांना दिवसभर विश्रांती द्यायचा हा दिवस. पाटावर नवं कापड, समोर उदबत्ती, वर फुलं. असा थाट पाहून तुम्ही मला भाग्यवान म्हणाल. म्हणण्याआधी माझी हकिगत ऐका.

खारेपाटणच्या बाबू लोहाराने मला घडवलं. भंगारातल्या ट्रकच्या कमानीचा एक पाटा त्याने भट्टीत लाल केला, ठोकून ठोकून लांब केला आणि टोकाला बाक दिला. तो बाक उगाच शोभेला नाही. करवंदीची काटेरी फांदी त्यात अडकवायची, आपल्याकडे ओढायची आणि मग तोडायची. गणपत मला विकत घ्यायला आला तेव्हा बाबू त्याला म्हणाला, "लांबच घे रे. हात झाडीच्या भायर रवता."

गणपतचं घर तळेऱ्याच्या पलीकडे एका उतारावर आहे. भोवती काजू, थोडे आंबे, खाली भातशेती. तो मला कमरेच्या मागे लाकडी आकडीत अडकवून रानात न्यायचा. पण खरं सांगायचं तर माझ्याकडून जास्त काम करून घेतलं ते त्याच्या बायकोने, सत्यवतीने. काजूखालची झाडी, कुंपणाचे काटे, चुलीची लाकडं, सगळं ती माझ्यावर सोपवायची. धार गेली की दगडावर पाणी शिंपडून स्वतः घासायची. तिच्या हाताची सवय माझ्या मुठीला इतकी झाली होती की दुसऱ्या कोणी उचललं की मला परकं वाटायचं. ते दिवस मला आवडत होते.

मग त्यांचा मुलगा दत्तप्रसाद एक सुरा घेऊन आला. तो मालवणला पर्यटकांच्या होडीवर कामाला आहे. तंबू ठोकून राहणारे पाहुणे असले सुरे बाळगतात, ते बघून यालाही हौस आली. सुरा आखूड, पाठीला जाड, हातात चांगला वजनदार. मुठीला रबर, वर काळं म्यान. दत्तप्रसादने अंगणात नारळ ठेवला आणि एकच घाव घातला. नारळाची दोन भकलं झाली.

"बाबा, बघलास? आता तो जुनो कोयतो मोडीत घाला!"

मला राग आला, लपवत नाही. पण सुऱ्याची लायकी मी नाकारणार नाही. नारळ फोडायला, जाड ओंडका चिरायला तो माझ्यापेक्षा सरस. गणपतने तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, "घाव बरो आसा. पण गवतात ह्येचो काय उपेग? ह्येच्या वांगडा हात पण गवतात जातलो." सुऱ्यासोबत हातही गवतात जाईल, हे त्याचं बोलणं मी स्वतः ऐकलं आहे. त्याला कळत होतं, मित्रांनो. म्हणून तर माझा जीव जास्त जळतो.

गेल्या वर्षी पाऊस हटता हटेना. भात आडवं झालं, सगळे कापणीत अडकले आणि रस्त्यावरून घरापर्यंत येणारी पायवाट साफ करायची राहून गेली. खंडेनवमीपर्यंत गवत कमरेएवढं वाढलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सुनेचे, नम्रताचे, आईवडील यायचे होते. सत्यवती लगबगीने पूजेपाशी आली तेव्हा मी पाटावर बसलो होतो.

"माका कोयतो दी," ती गणपतला म्हणाली. "वाट साफ करूची आसा. व्याही काय गवतातसून येतले?"

"पूजेतला हत्यार हलवूचा नाय. उद्या घे."

"उद्या सकाळीच येतले ते. मगे काय नखांनी कापू?"

गणपतने इकडे तिकडे पाहिलं. दत्तप्रसादचा सुरा खुंटीवर लटकत होता. दुकानातून आलेला, हौसेचा. त्याला अवजारांत कोणी धरलंच नव्हतं, त्यामुळे तो पूजेत नव्हता. "तो सुरो घे," गणपत म्हणाला. "तो खंय पूजेत आसा?"

देवाचं पाळलं आणि कामही निघालं, असं त्याला वाटलं. सत्यवती सुरा घेऊन गेली. आखूड पातं, त्यामुळे तिला वाकून, गवताच्या बुडाशी हात नेऊन कापावं लागत होतं. त्या बुडाशी फुरसं होतं. टीचभर साप, पण विष जहाल. तिची किंकाळी मला इथे ऐकू आली. माझ्यावर फुलं होती.

दत्तप्रसादने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लस दिली, जीव वाचवला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र काळी पडली आणि ती काढावी लागली. गावातले लोक भेटायला आले आणि एकमेकांना सांगू लागले की पूजा मोडली नाही म्हणून देवाने तिला राखलं. गणपतही मान हलवायचा. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

आता ती मला डाव्या हाताने धरते. घाव वाकडा पडतो, पण पडतो. भाकरी मात्र तिला थापता येत नाही. ते काम नम्रता करते आणि सत्यवती तेव्हा चुलीकडे पाठ करून बसते.

आज सकाळी गणपतने पुन्हा पाट मांडला. या वर्षी सुराही माझ्या शेजारी ठेवला. सत्यवती कुंकू लावायला डावा हात पुढे करू लागली, तर तो म्हणाला, "डाव्या हातान नको गो. नम्रताक लावंदे." तिने हात मागे घेतला. बाहेर पायवाटेवर यंदाही गवत माजलं आहे आणि उद्या यंदाही माणसं येणार आहेत. थोड्या वेळाने ती परत आली.

"माका कोयतो दी."

"आज पूजा आसा. उद्या देतंय."

"बरा," सत्यवती म्हणाली. "मी हातान उपटतंय." आणि ती गेली.

मित्रांनो, अवजारांची निगा राखा, त्यांना गंजू देऊ नका, हे मी तुम्हाला एरवी सांगितलं असतं. आज तेवढा धीर मला नाही. तुमच्यापैकी कोणी आसपास असेल तर आत या. गणपत डोळे मिटून बसला आहे, त्याला विचारत बसू नका. फुलं सांडली तर सांडू द्यात. मला उचला आणि पळत जाऊन सत्यवतीच्या हातात द्या.