विषय कुणी काढला?

“टीचर, तुमच्याबद्दल इंग्रजीत बोलायचं झालं तर ‘ही’ म्हणायचं की ‘शी’?”

तोंड माझं होतं, पण प्रश्न सुईचा. सुई म्हणजे माझ्या बाकावरची मैत्रीण. उंच, बारीक, आणि बोलली की टोचते. मधल्या सुट्टीत ती म्हणाली, “हिंमत असेल तर विचारून दाखव.” मागून डबा (हा सतत काहीतरी चघळत असतो) लगेच म्हणाला, “ही कसली विचारते! नुसती हवा!” आणि मला कुणी असं म्हटलं की माझं डोकं फिरतंच. कारण मागच्या वर्षापर्यंत वर्गात माझं नाव ‘म्यूट’ होतं. हजेरी द्यायलासुद्धा माझा घसा बसायचा. आणि आता? आता मला भोंगा म्हणतात. बंद कर म्हटलं तरी बंद होत नाही असा भोंगा!

आणि हा भोंगा चालू कुणी केला, तर टीचरनीच. सगळ्यात कडू हेच आहे.

टीचरना सहा महिन्यांच्या करारावर इंग्रजीसाठी नेमलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, “सर नको, मॅडम नको. टीचर म्हणा.” आखूड केस, ढगळ शर्ट, आवाज बारीक पण खणखणीत. आम्ही अंदाज बांधून बांधून थकलो. तास संपायला दहा मिनिटं उरली की त्यांचा ‘उभा प्रश्न’ सुरू व्हायचा. ज्याला विचारायचंय त्याने उभं राहायचं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अडलं तर मराठीत, काहीही विचारायचं. प्रश्न आणि विचारणाऱ्याचं नाव टीचर एका लांबट वहीत लिहून घेत. नियम दोनच. उत्तर टाळायचं नाही, हा टीचरसाठी. आणि प्रश्न विचारला म्हणून कुणालाही शिक्षा नाही, हा आमच्यासाठी.

माझा पहिला उभा प्रश्न तोंडातून बाहेर पडायला सात मिनिटं लागली होती. सुई मोजत होती. टीचरनी वाट बघितली, घड्याळाकडे एकदाही न बघता. प्रश्न काय होता ते मला आता आठवतही नाही, पण त्या दिवशी मी घरी अक्षरशः उड्या मारत गेले होते.

आणि त्यांच्याच नियमात मी त्यांना पकडलं. उत्तर टाळता येणार नाही हे मला चांगलं माहीत होतं.

वर्ग खिदळला. टीचरनी वहीत प्रश्न लिहिला, माझं नाव लिहिलं, पेनाला टोपण लावलं.

“‘दे’,” त्यांनी सांगितलं. “कुणाला ‘ही’, कुणाला ‘शी’, तसं मला ‘दे’. म्हटलं तर मला बरं वाटतं. नाही म्हटलं तर मी कुणाचे कान उपटणार नाही. चला, पुढचा प्रश्न?”

“काय दे?” डबा ओरडला. “टीचर, गृहपाठ कमी दे!”

सगळे हसले. मीसुद्धा. टीचरच्या चेहऱ्यावरही हसू आलं, पण ते उशिरा आलं आणि लवकर गेलं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट पालकांच्या ग्रुपवर! डब्याच्या आईने सुरुवात केली, “शाळेत इंग्रजी शिकवतात की भलतंच?” मग रांगच लागली. “बाई की बुवा, एकदाचं ठरवा म्हणावं.” “आपल्या वेळी नव्हती ही थेरं.” एका काकांनी लिहिलं, “मग मला आजपासून महाराज म्हणा, मला बरं वाटतं!” त्याखाली हसून लोळणारे चेहरेच चेहरे. आमच्या वर्गापेक्षा हा वर्ग जास्त उनाड निघाला.

माझे बाबा पालक समितीचे सचिव. गाडी चालवायला शिकवणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक जादा ब्रेक आहे. शिकणारा जरा जोरात निघाला की हे दाबतात. आई दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. तिच्या नखांत कायम पांढरं प्लास्टर असतं.

जेवताना बाबांनी विचारलं, “तुझ्याच वर्गातलं ना हे? विषय कुणी काढला?”

घास तोंडात होता. तो गिळून खरं सांगायला तीन सेकंद पुरले असते.

“वर्गात निघाला,” मी म्हटलं.

निघाला! जसा काही दुधाचा दातच. आपोआप.

जेवण झाल्यावर बाबा तिथेच शाळेला तक्रारीचं पत्र लिहायला कागद घेऊन बसले. “एक माणूस, आणि म्हणे ‘दे’! एकट्या जीवाला अनेकवचन कशाला?”

आई ताटं उचलत होती. “तुम्ही किती जण आहात?”

“म्हणजे?”

“अठरा वर्षं मी तुम्हाला अहो-जाहो करतेय. आहात तर एकटेच. कधी तक्रार केली नाहीत ती.”

मला ठसकाच लागला.

“अगं, तो मान असतो,” बाबा म्हणाले.

“मग तिथेही मानच समजा.”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

“पोरं शिकतात तिथं!” टेबलाखाली बाबांचा पाय सवयीने दाबला गेला. “ते राहू दे. पालक म्हणून दोघांची सही लागते. कर.”

मला वाटलं, आता आई ऐकवेल काहीतरी. तिने हात पुसले, पेन घेतलं आणि सही केली. छान, वळणदार. “शाळेत पोरगी आपलीही आहे,” एवढंच म्हणाली, ते कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

मी पत्र वाचलं. दुसरं वाक्य असं होतं: ‘सदर शिक्षकाने स्वतःहून हा विषय काढून विद्यार्थ्यांवर विशिष्ट शब्द वापरण्याची सक्ती केली.’ स्वतःहून. सक्ती. मी कागद बाबांना परत दिला आणि म्हटलं, “सदर म्हणजे काय?” एवढीच माझी हिंमत!

बुधवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत चौकशी झाली. टेबलाच्या एका बाजूला मुख्याध्यापिका आणि समितीचे तिघे, त्यांत बाबा. समोर टीचर. आणि दोन्ही बाजूंच्या मधे, खिडकीपाशी, मी. ‘सगळ्यात धीट विद्यार्थिनी’ म्हणून मला बोलावलं होतं.

“बाळा, घाबरू नकोस,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “विषय कुणी काढला?”

बाबा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, विश्वासाने. तेच वाईट होतं. रागाने बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते.

“मला नीट आठवत नाही,” मी म्हटलं.

“तुम्ही प्रश्न वहीत लिहून घेता म्हणे,” मुख्याध्यापिका टीचरना म्हणाल्या. “ती वही दाखवा. कुणी विचारलं ते लगेच कळेल.”

वही तिथेच होती, टीचरच्या मांडीवर, पिशवीत. तिचं टोक मला दिसत होतं.

“वही मी दाखवणार नाही,” टीचरनी सांगितलं. “प्रश्न विचारला म्हणून कुणाला काही होणार नाही, असा मुलांना शब्द दिलाय.”

“म्हणजे विचारणारं कुणी नव्हतंच,” बाबा म्हणाले.

“तुम्हाला तसं समजायचं असेल तर समजा.”

बाबांनी तसंच समजलं. सगळ्यांनी तसंच समजलं. दहा मिनिटांत आटोपलं.

मी धावत जिन्याखाली टीचरना गाठलं. तिथे झाडू आणि मोडकी बाकं ठेवतात. मी रडत होते, नाक पुसत होते. “सॉरी टीचर. खूप सॉरी.”

वाटलं होतं, त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवतील. आणि हा ‘त्या’ लिहिताना कळतंय की मनातल्या मनात मी अजूनही त्यांना माझ्या सोयीनेच हाक मारते.

हात कुणीच फिरवला नाही. “प्रश्न चाळीस जणांसमोर विचारलास,” टीचरनी हळू आवाजात सुनावलं. “माफी मात्र जिन्याखाली मागतेस. इथे ती मला काय उपयोगाची?” आणि पिशवी खांद्याला लावून त्यांनी फाटकाची वाट धरली. मी झाडूंच्या शेजारी उभी.

गुरुवारी टीचरच्या जागी इंग्रजीला म्हातारे सर आले. त्यांच्या तासाला फक्त धडा वाचायचा, एकामागून एक, बसून. डबा म्हणाला, “काय बोअर आहे यार. ते टीचर बरे होते.” मी त्याला त्याच्याच डब्याने मारणार होते.

शुक्रवारी सुईने बातमी आणली. तिची मावशी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. टीचरचा करार वाढवणार नाहीत, ते ठीकच. पण त्यांच्या अनुभवाच्या दाखल्यावर शेरा येणार होता, ‘मुलांसमोर स्वतःहून अयोग्य विषय मांडला.’ सोमवारी समितीच्या सभेत त्यावर शिक्का.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? मावशी म्हणते, असा शेरा लागला की दुसरी कुठलीच शाळा दारात उभं करत नाही.” सुईने पहिल्यांदाच खाली बघितलं. “तू काही बोलणार नाहीस ना? माझं नाव येईल.”

रविवारी दुपारी बाबा खुशीत होते. मुख्याध्यापिकांनी फोन करून आभार मानले होते. मला जास्तीचं वाढत ते आईला म्हणाले, “काही म्हण, पोरगी शहाणी आहे. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, बरोबर कळतं तिला.”

आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बसल्याबद्दल शाबासकी मिळाली. म्यूट होते तेव्हा तर नुसत्या शिव्या खायचे!

मी ताट बाजूला सारलं.

“बाबा, उद्या सभेच्या आधी मी शाळेत लेखी देणार आहे. प्रश्न मी विचारला. टीचरनी विषय काढला नव्हता, कुणावर सक्तीही केली नव्हती. मला चौकशीत सगळं आठवत होतं आणि मी खोटं बोलले, हेही लिहिणार आहे. बाकी कुणाचं नाव घालणार नाही. पण तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य खोटं आहे, ते मला लिहावंच लागेल. आणि आई, त्याखाली तुझी सही आहे. मागे घ्यायची असेल तर सकाळपर्यंत वेळ आहे.”