उन्हाचा शब्द

धरमतरच्या खाडीकडेला कान्हूचं मिठागर होतं, आणि त्यात आपला एक खांब असावा असं मुंबईच्या एका वीज कंपनीच्या मनात आलं. कान्हूला राजी करायला मितेश नावाचा साहेब आला. पोरगेलासा, टाय लावलेला. बांधावरून चालताना टाय वाऱ्यानं सारखा तोंडावर येत होता.

खांबाचं पत्र आधीच येऊन गेलं होतं, म्हणून खांबाचं तो बोललाच नाही. आधी कंपनीचं धोरण सांगायचं, असं त्याला शिकवलं होतं.

"काका, आमची उद्दिष्टं दोन. एक, विजेचा बाजार खुला करायचा. ज्याला ज्या कंपनीची हवी, त्यानं तिची वीज घ्यावी."

"बाजार कंच्या वारी?" कान्हूच्या बायकोनं, सगुणानं विचारलं.

"तसा बाजार नाही, काकी."

"मंग घासाघीस नाय चालायची?"

मितेशनं विचार केला. "तीच तर चालणार."

"आन् दुसरं?" कान्हू म्हणाला.

"पृथ्वीचा ताप वाढतोय. तो खाली आणायचाय."

कान्हूनं आगराकडे नजर टाकली. वाफ्यांतलं पाणी नुकतं दाटायला लागलं होतं. आता ऊन गेलं, की वर्षाचं मीठ गेलं.

"ताप म्हंजे ऊनच ना?"

"म्हणजे... त्यातलंच."

"माझं ऊन काढनार, आन् खांब माझ्याच आगरात रोवनार?"

"अहो, शंभर वर्षांचं काम आहे ते."

"सुरुवात कुटून?"

हे मात्र मितेशला कोणी शिकवलं नव्हतं.

"मीठ उचलंस्तवर उनाला हात लावायचा नाय," कान्हूनं सांगून टाकलं. "शब्द द्या, खांब घ्या."

मितेशनं शब्द दिला. दुसऱ्याच दिवशी आभाळ भरून आलं.

कान्हू तडक कंपनीच्या वडखळच्या कचेरीत. "सायेब, शब्द दिलेला."

"काका, हे ढग आमचे नाहीत."

"मंग कोनाचे? बाजार खुला झाला का? दुसऱ्या कंपनीचे हायेत?"

मितेशनं खिडकीतून वर पाहिलं. नाही म्हणावं, तर आधार काय? त्यानं मुंबईला फोन लावला. वरच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखं "बघतो" म्हटलं.

सकाळी आभाळ लख्ख.

आता कान्हूलाही शब्द पाळणं आलं. खांब उभा राहिला, तारा ओढल्या गेल्या, वीज डोक्यावरून रोह्याच्या कारखान्यांकडे निघून गेली. कान्हूच्या घरात रॉकेलची चिमणीच राहिली. पण मीठ झकास पिकलं. फक्त खांबाच्या बुडाशी, सावलीतला एक कोपरा ओलाच.

कान्हूनं साहेबाला बोलावून कोपरा दाखवला. "ऊन दिलंत, त्यातलं एवढं परत का घेतलंत?"

मितेश सावलीत जाऊन उभा राहिला. टायची गाठ सैल केली. "इथं गार आहे हो, काका."

"तेच तर म्हनतोय."

"म्हंजे ताप खाली आला गो बाय!" सगुणा म्हणाली.

मितेश चमकला. मग घाईघाईनं वडखळला जाऊन त्यानं मुंबईला कळवलं : दुसरं उद्दिष्ट सुरू झालं आहे, तूर्त एका कोपऱ्यापुरतं.

दुपारी सगुणानं भाकरी त्याच कोपऱ्यात सोडली. अख्ख्या आगरात सावली तेवढीच. कान्हू उन्हात उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. आपल्याला फसवलंय का काही जास्तीचं दिलंय, तेच त्याला कळेना.

"बसा वायच," सगुणा म्हणाली. "दुसऱ्या कंपनीची येईस्तवर हीच सावली."

कान्हू बसला. पण सावलीत अर्धाच.